रेंज सड्यावर, लॅपटॉप घरात: सक्तीच्या दुहेरी पडताळणीनं जेरीस आलेय

खाडीपलीकडची | ९ जून, रात्री ९:१५

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते. आज लिहायला बसले, कारण आता सहन होत नाही.

आमचं घर गुहागर तालुक्यात, समुद्राकडे उतरत जाणाऱ्या आगरात. वर जांभ्याचा सडा, खाली माड-पोफळी आणि मधे घर. घरात मोबाईलची रेंज नाही, कधीच नव्हती. दोन वर्षांपूर्वी फायबर आलं, त्यामुळे नेट उत्तम चालतं. पाहुण्यांना वायफाय देतो (आमच्याकडे तीन खोल्यांची घरगुती राहण्याची सोय आहे). पण साधा एसएमएस हवा असेल तर फोन घेऊन पाखाडी चढून सड्यावर जावं लागतं.

आत्तापर्यंत हा त्रास बँकेपुरता होता. तो मी मान्य केला होता, पैशाचा मामला आहे. पण मार्चमधे माझ्या ईमेलवर एका सकाळी सूचना आली की तुमच्या खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लागू झाली आहे. 'नको' म्हणायचं बटणच नाही. पंधरा दिवसांत बुकिंगच्या साइटनं तेच केलं. मग मुलीच्या अभ्यासाच्या ॲपनं. प्रत्येकाला नंबर हवा, प्रत्येकाचा कोड एसएमएसनं.

कोड दहा मिनिटं चालतो. पाखाडी चढायला मला आठ मिनिटं लागतात, उतरायला पाच. म्हणून आम्ही साखळी करतो. मुलगा ओटीवर लॅपटॉप घेऊन, मुलगी पाखाडीच्या वळणावर फणसाखाली आणि मी वर करवंदीच्या जाळीपाशी, जिथे एक काडी रेंज येते तिथे हात उंच करून. मुलगा बटण दाबतो आणि ओरडतो, मुलगी वर ओरडते. मेसेज आला की मी एकेक आकडा सांगते. चार... शून्य... सात... मुलगी तो खाली पोचवते. मे महिन्यात हे जमत होतं. मृग लागल्यापासून वारा असा आहे की 'सात'चं तिला 'आठ' ऐकू येतं. शनिवारी तीनदा आकडा चुकला आणि चौथ्यांदा खातं बंद झालं. 'थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा' एवढंच लिहिलंय. थोडा वेळ म्हणजे किती ते कुठेच नाही.

सांगलीच्या एका कुटुंबाचं बुकिंग त्या मेलमधे आहे. त्यांना वाटत असेल आम्ही उत्तरच देत नाही.

माझा प्रश्न साधा आहे. खातं माझं, त्यातला धोका माझा. मग नको म्हणायचा हक्क मला का नाही?

---

भरतीची_वेळ | ९ जून, रात्री ९:४०

अगदी अगदी. आमचं हर्णैला असंच आहे. बंदरावर रेंज आहे, वाडीत नाही. निसर्ग वादळानंतर (३ जून २०२०) कित्येक दिवस ना वीज होती ना टॉवर. तेव्हा दापोलीत जाऊन फोन चार्ज करायचो आणि तिथेच रस्त्यावर उभं राहून सगळी कामं उरकायचो. आज तसं झालं तर सगळं नेट असूनही एकाही खात्यात शिरता येणार नाही, कारण प्रत्येकाचं कुलूप एसएमएसला बांधलंय.

---

आडवाट | ९ जून, रात्री १०:०५

ताई, लॅपटॉपच वर का नेत नाही? फोनचा हॉटस्पॉट लावायचा आणि तिथेच लॉगिन करून खाली यायचं.

---

खाडीपलीकडची | ९ जून, रात्री १०:२०

करून पाहिलं. एका काडीवर मेसेज येतो, डेटा चालत नाही. आणि आता पावसात लॅपटॉप सड्यावर कसा नेऊ? 'हा संगणक लक्षात ठेवा' वर खूण केलेली आहे, तरी काही दिवसांनी ते पुन्हा विचारतंच.

---

जांभादगड | १० जून, सकाळी ७:५०

रत्नागिरीत घरून सॉफ्टवेअरचं काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमच्या कामाचं. तुम्हाला एसएमएसची गरजच नाही. खात्याच्या सुरक्षा विभागात 'ऑथेंटिकेटर ॲप' असा पर्याय असतो. तो निवडला की पडद्यावर चौकोनी क्यूआर कोड येतो आणि त्यात एक गुप्त किल्ली असते. ती एकदा फोनमधे घेतली की पुढे फोन ती किल्ली आणि घड्याळातली वेळ यांचा हिशेब करून दर ३० सेकंदांनी नवे सहा आकडे काढतो. तिकडे त्यांचा सर्व्हर तोच हिशेब करत असतो. दोन्हीकडचे आकडे जुळले की दार उघडतं. मधे कुणी कुणाला काही पाठवत नाही, त्यामुळे रेंज लागत नाही, नेटही लागत नाही. फोन विमान मोडमधे टाकून बघा, तरी आकडे येतील. ही पद्धत २०११ पासून उघड प्रमाण म्हणून उपलब्ध आहे. टीओटीपी म्हणतात तिला. एकच पथ्य: फोनचं घड्याळ आपोआप जुळणारं ठेवा. ते दोन-तीन मिनिटं पुढेमागे गेलं की कोड चुकीचे ठरतात आणि माणसाला कळत नाही का.

हे लावायला एकदा मात्र एसएमएसनं आत शिरावं लागेल. तेवढी एक साखळी वारा पडलेला बघून करा. आणखी एक, फोनच्या सेटिंगमधे 'वायफाय कॉलिंग' शोधा. काही फोनांवर आणि काही कंपन्यांच्या सिमवर त्यातून एसएमएससुद्धा येतो.

आता तुमचा मोठा प्रश्न. सक्ती का? कारण ऐच्छिक ठेवलं तर फार थोडे लोक लावतात. गूगलनं २०२१ मधे १५ कोटी खात्यांना आपण होऊन दुसरा टप्पा लावायचं ठरवलं आणि फेब्रुवारी २०२२ मधे सांगितलं की त्या खात्यांतली घुसखोरी निम्म्यानं घटली. म्हणजे उपयोग आहे, यात वाद नाही.

पण सक्ती कशी करावी याचीही रीत असते. आमच्या धंद्यात गिटहब म्हणून जागा आहे, प्रोग्रामर लोक तिथे आपला कोड ठेवतात. त्यांनी मे २०२२ मधे जाहीर केलं की २०२३ संपेपर्यंत सगळ्यांना हे लावावं लागेल. प्रत्यक्ष सुरुवात १३ मार्च २०२३ ला, गटागटानं. ज्याची पाळी येईल त्याला ४५ दिवसांची मुदत. ॲप, सुरक्षा किल्ली (संगणकाला जोडायची पेनड्राइव्हसारखी छोटी वस्तू) असे एसएमएसशिवायचे पर्याय. लावल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा विचारायचे की बाबा, तुझं नीट चालतंय ना. तरी लोक चिडलेच, मीही चिडलो होतो. पण एका सकाळी उठून दार बंद दिसलं असं कुणाचं झालं नाही. तुमच्या ईमेलवाल्यांनी तुम्हाला किती दिवस आधी सांगितलं होतं?

---

खाडीपलीकडची | १० जून, सकाळी ८:३०

एक दिवसही नाही. निदान माझ्या नजरेला तरी काही पडलं नाही. ॲपचं मला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या पानावर नंबर टाकायची मोठी चौकट होती आणि खाली अगदी बारीक अक्षरात 'इतर पर्याय'. मी त्यावर बोट ठेवलंच नाही. आभारी आहे, आज प्रयत्न करते.

---

पेठेतली_खेळणी | १० जून, दुपारी १:१०

मी विरुद्ध बाजूनं लिहितोय, राग मानू नका.

सावंतवाडीत माझं लाकडी खेळण्यांचं दुकान आहे. बाहेरगावच्या ऑर्डरी मेलवर आणि एका सोशल मीडियाच्या पानावर येतात. सगळीकडे एकच पासवर्ड ठेवला होता, मुलाचं नाव आणि जन्मसाल. कुठल्यातरी तिसऱ्याच साइटवरून तो फुटला. एका पहाटे कुणीतरी माझ्या मेलमधे शिरलं, तिथून पान ताब्यात घेतलं आणि माझ्या नावानं माझ्याच गिऱ्हाइकांना मेसेज टाकले की दुकानाला आग लागली आहे, मदत करा. खाली कुणाचा तरी क्यूआर. तिघांनी पैसे पाठवले. त्यातल्या एक पुण्याच्या आजी होत्या, दरवर्षी नातवंडांसाठी भातुकली मागवायच्या. मी तिघांचेही पैसे भरून दिले. आजींनी घेतले नाहीत, पण त्यानंतर त्यांची ऑर्डरही आली नाही.

दुसरा टप्पा मला तेव्हा दाखवला होता. 'नंतर' वर बोट ठेवून मी पुढे गेलो, एकदा नव्हे, कित्येकदा. सक्ती असती तर हे झालं नसतं.

म्हणून सांगतो ताई, 'धोका माझा' हे तेवढं खरं नाही. तुमच्या मेलमधे पाहुण्यांचे आधारकार्डाचे फोटो असतील, फोन नंबर असतील. तुमच्या नावानं कुणी त्यांना 'ॲडव्हान्स पाठवा' म्हटलं तर ते पाठवतील, कारण तुमच्यावर त्यांचा विश्वास आहे.

---

करवंदी | १० जून, दुपारी १:२५

+१. विशेषतः शेवटचा परिच्छेद.

---

तारकर्लीकार | १० जून, दुपारी ३:००

ताय, तुझा वाचून काळीज हालला. आमच्या हंयसर रेंज आसा, पण पावसात लाइट गेली की टॉवरय गप. गेल्या आठवड्यात पावण्यांचा बुकिंग बघूक गेलंय तर म्हणता कोड घाल. कोड येयना. परत मागयलंय, परत मागयलंय. अर्ध्या तासान पाचय कोड एकदम इले. खंयचो घालूचो? मी पयलो घातलंय, चुकीचो म्हणान सांगल्यान. मगे झिलान सांगल्यान की नवो कोड मागयलो की आदलो मरता, फक्त शेवटचो चलता. ह्या त्येंनी मेसेजात लिवक नको?

---

सुरंगीचा_वळेसर | १० जून, संध्याकाळी ६:४५

वेंगुर्ल्याहून लिहिते. बँकेत ३१ वर्षं काढली, आता निवृत्त आहे. काउंटरवर हा सगळा बदल डोळ्यांसमोर झाला.

बँकेचं आणि खाजगी खात्यांचं आपण एकत्र करतो, ते वेगळं करून बघायला हवं. रिझर्व्ह बँकेनं कार्डानं ऑनलाइन पैसे भरताना जादा पडताळणी १ ऑगस्ट २००९ पासून सक्तीची केली. त्या वेळी लोक चिडले होते. पण तिथे नियम करणारी एक संस्था आहे, तक्रारीला बँक आहे, शाखा आहे, शाखेत माणूस आहे, त्याच्यावर लोकपाल आहे. एखाद्या आजोबांचा नंबर बदलला तर ते पासबुक आणि आधारकार्ड घेऊन यायचे, अर्ज भरायचे. मी त्यांना ओळखत असायचे, सही ताडायचे, नंबर बदलून द्यायचे.

रिझर्व्ह बँकही आता एसएमएसवरच अडून राहिलेली नाही. सप्टेंबर २०२५ मधे त्यांनी नवे निर्देश काढले, ते १ एप्रिल २०२६ पासून लागू. दोन घटक सक्तीचेच, पण ते कोणते हे ठरवायला बँकांना मोकळीक आहे, एसएमएसचाच कोड हवा असं नाही.

खाजगी ईमेलला मात्र शाखा नाही, काउंटर नाही, सही ताडणारी बाई नाही. कुलूप बँकेच्या तोलाचं लावतात आणि किल्ली हरवली तर विचारायला कुणी नाही. माझा आक्षेप इथे आहे. दुसरं कुलूप लावा, जरूर लावा, पण मग माणूसही ठेवा.

---

वाशिष्ठीकाठ | १० जून, रात्री ११:२०

जांभादगड यांनी सांगितलेलं ॲप मी २०१९ पासून वापरत होतो. त्याबद्दल एक सांगायचं राहून जाऊ नये म्हणून लिहितो.

२२ जुलै २०२१. चिपळूण. आदल्या रात्रभर पाऊस, पहाटे पाणी घरात शिरलं. आम्ही आईला आणि धाकटीला घेऊन वरच्या शेजाऱ्यांकडे चढलो. फोन खाली टेबलावर चार्जिंगला होता. एवढंसं पाणी, टेबलापर्यंत कशाला येतंय असं वाटलं होतं. दुपारी जिन्यातून खाली बघितलं तर टेबल दिसतच नव्हतं.

चिखल काढून झाल्यावर नवा फोन घेतला. तेव्हा कळलं की ॲपमधल्या किल्ल्या त्या बुडालेल्या फोनमधेच होत्या. त्या काळी माझ्या ॲपला दुसरीकडे प्रत ठेवायची सोयच नव्हती. राखीव कोड (फोन गेला तर आत शिरायला खात्याकडून आधीच मिळतात ते) कागदावर छापले होते, अगदी शहाण्यासारखे, आणि ते कपाटाच्या खालच्या खणात ठेवले होते. त्या कागदाचा लगदा झाला होता.

तेव्हा सगळ्यात आधी कामाला आला तो एसएमएस. सिम बदलून मिळालं. त्यातही नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात, चोरानं सिम बदलून घेऊ नये म्हणून ती खबरदारी आहे. ते २४ तास मी विमा कंपनीला पाठवायच्या फोटोंसाठी अडून बसलो होतो.

दोन खाती मला कधीच परत मिळाली नाहीत. एकात धाकटीच्या बारशाचे फोटो होते.

त्यामुळे ताई, ॲप लावाच, पण राखीव कोड दोन प्रतींमधे छापा. एक घरात उंचावर, प्लास्टिकच्या पिशवीत. दुसरी पूर न येणाऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे. आता बऱ्याच ॲपना प्रत ठेवायची सोय आहे (गूगलच्या ॲपला ती एप्रिल २०२३ मधे आली). तरीही कागद हवाच.

---

जांभादगड | ११ जून, सकाळी ८:१०

वाशिष्ठीकाठ, हे मी लिहायला हवं होतं, राहिलं. किल्ली एकाच ठिकाणी ठेवू नये. शक्य असेल तर दोन फोनमधे तोच क्यूआर एकाच वेळी घेऊन ठेवावा, तसं चालतं.

आणि ज्यांचा लॅपटॉप बऱ्यापैकी नवा आहे त्यांनी 'पासकी' बघा. लॅपटॉपचाच पिन किंवा बोटाचा ठसा वापरून लॉगिन होतं, फोन लागतच नाही. शिवाय खोट्या साइटवर ती चालत नाही, कारण ती त्या-त्या साइटच्या पत्त्याला बांधलेली असते. एसएमएसचा आणि ॲपचा कोड माणूस फसून खोट्या पानावर टाकू शकतो, पासकी टाकता येत नाही.

---

दादरचा_चाकरमानी | ११ जून, सकाळी १०:३०

आमच्या घरचा प्रकार सांगतो. आई-वडील राजापूरजवळ गावी, मी मुंबईत. त्यांना मेसेज वाचायला जमत नाही, म्हणून त्यांच्या सगळ्या खात्यांना माझा नंबर दिलाय. वीजबिल, गॅस, वडिलांचा मेल, आईचं औषधांचं ॲप. तेव्हा हे सोयीचं वाटलं.

आता आई कुठलंही पान उघडते आणि मला फोन येतो, 'आला काय रे नंबर?' मी मीटिंगमधे असतो, लोकलमधे असतो. गणपतीला गावी निघालो होतो, गाडी करबुड्याच्या बोगद्यात (साडेसहा किलोमीटर लांब) आणि नेमकं तेव्हा वडिलांना तालुक्याच्या ठिकाणी डॉक्टरकडे मेलमधला रिपोर्ट दाखवायचा होता. बोगदा संपला तेव्हा सहा मिस कॉल आणि तीन मुदत संपलेले कोड. डॉक्टरांनी रिपोर्ट न बघता जुनीच गोळी चालू ठेवली. काही बिघडलं नाही, पण बिघडलं असतं तर?

मला आणखी एक भीती वाटते. वडिलांना आम्ही शिकवतो की कोड कुणाला सांगायचा नाही. आणि मी स्वतःच त्यांना दिवसातून दोनदा फोनवर कोड सांगतो. उद्या माझ्या आवाजात दुसऱ्या कुणी विचारलं तर त्यांनी कसं ओळखायचं?

---

सुरंगीचा_वळेसर | ११ जून, दुपारी १२:१५

चाकरमानी, शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. निवृत्तीच्या आधी फसवणुकीची जेवढी प्रकरणं पाहिली, त्यांतल्या बहुतेकांत कोड माणसानं स्वतःच्या तोंडानं सांगितला होता. कुणाचं असं झालंच तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. पैसे पुढे सरकायच्या आत कळवलं तर अडवता येण्याची शक्यता असते.

आणि वडिलांचा मेल तुमच्या नंबरवर ठेवू नका. गावच्या घरातल्याच फोनमधे ॲप टाकून द्या. आकडे वाचायला त्यांना नक्की जमेल.

---

खाडीपलीकडची | १२ जून, रात्री ८:५०

आधी चांगली बातमी. काल पहाटे वारा नव्हता. साखळी केली, पहिल्या फटक्यात आकडा बरोबर गेला. ॲप लावलं, माझ्या फोनमधे आणि मुलाच्या फोनमधे. राखीव कोड तालुक्याला जाऊन दोन प्रतींत छापून आणले. एक देवघराच्या वरच्या फळीवर पिशवीत, दुसरी चिपळूणला नव्हे, कऱ्हाडला नणंदेकडे पाठवली. सांगलीच्या लोकांना फोन करून माफी मागितली. ते येणार आहेत.

पेठेतली खेळणी, तुमचं लिहिलेलं दोन दिवस डोक्यात आहे. पाहुण्यांच्या आधारकार्डांचे चाळीसेक फोटो माझ्या मेलमधे पडून होते, ते काल पुसले. 'धोका माझा' हे मी मागे घेते. पण 'कुलूप कोणतं ते मला निवडू द्या आणि आधी सांगा' हे मागे घेत नाही.

आता दुसरं लिहिते. हे पहिल्या दिवशी लिहिण्याचा धीर झाला नाही.

माझे सासरे गेल्या वर्षी गेले. शाळामास्तर होते. निवृत्तीनंतर त्यांनी आमच्या भागातल्या नमनाच्या (आमच्याकडची लोककला, ती करणारे ते खेळे) गौळणी आणि गणाची पदं गोळा केली, म्हाताऱ्या खेळ्यांच्या घरी जाऊन, एकेक ओळ विचारून. तीन वह्या भरल्या. त्यांतल्या दोन वह्यांचे फोटो काढून त्यांनी आपल्या मेलमधे ठेवले आणि तिसरी राहिली. गेल्या पावसात माळ्यावरच्या ट्रंकेत वाळवी लागली आणि त्या दोन वह्यांचे पुठ्ठेच उरले. तिसरी आमच्या खोलीत होती म्हणून वाचली.

त्यांचा पासवर्ड मला माहीत आहे. वहीच्या मागे त्यांनीच लिहून ठेवलाय, शुद्ध अक्षरात. तेवढ्यावर ते खातं मार्चपर्यंत उघडत होतं, मी उघडून पाहिलंही होतं. फोटो उतरवून घ्यायचे राहिले. फायबर आहे, कधीही घेऊ असं वाटलं. आता ते कोड मागतं आणि कोड जातो त्यांच्या जुन्या नंबरवर. तो नंबर आम्ही रिचार्ज केला नाही. माणूसच गेला, रिचार्ज कशाला करायचा?

---

वाशिष्ठीकाठ | १२ जून, रात्री ९:०५

ताई... काय लिहू.

---

जांभादगड | १२ जून, रात्री ९:४०

ताई, ९० दिवस काहीच वापर नसेल आणि त्या सिमवर २० रुपयेही शिल्लक नसतील तर कंपनी नंबर बंद करू शकते आणि पुढे काही काळानं तो दुसऱ्या ग्राहकाला देते. आधी तो बंदच आहे की कुणाला गेलाय ते बघा. बंद असेल तर त्याच कंपनीच्या दुकानात विचारून पाहा.

कुणाला गेला असेल तर रस्ता एकच. वारलेल्या व्यक्तीच्या खात्यासाठी बऱ्याच कंपन्यांचा वेगळा अर्ज असतो. मृत्यूचा दाखला, नातं दाखवणारी कागदपत्रं लागतात. पासवर्ड ते देत नाहीत, पण काही वेळा आतला मजकूर देतात. उशीर करू नका, कारण कित्येक कंपन्या फार दिवस न उघडलेली खाती मिटवतात. गूगलची मुदत दोन वर्षांची आहे.

इतरांसाठी: आपल्यामागे खातं कुणाला उघडता यावं हे जिवंतपणी ठरवून ठेवता येतं. गूगलमधे 'निष्क्रिय खाते व्यवस्थापक' आहे, ॲपलमधे डिसेंबर २०२१ पासून 'वारसदार संपर्क' नेमता येतो. मी काल रात्री आईवडिलांचं आणि माझं, तिन्ही करून टाकलं.

---

खाडीपलीकडची | १५ जून, रात्री ९:३०

नंबर लावून पाहिला. वाजला. उचलला एका बाईंनी.

मला पहिल्यांदा काही बोलताच येईना. त्या नंबरवर 'हं, बोल गो' असंच ऐकायची सवय होती. मग मी सांगितलं सगळं. त्या नगर जिल्ह्यातल्या निघाल्या, मराठीच. शेतात होत्या, मागे मोटारीचा आवाज येत होता. म्हणाल्या, हो, मधे मधे कसले कसले नंबर येतात, आम्ही पुसून टाकतो. मी त्यांना वह्यांचं सांगितलं, सासऱ्यांचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आणि मग म्हणाल्या, "ताई, तुमचं खरं असेल. पण मुलगा सांगून गेलाय, नंबर कुणालाही सांगायचा नाही. मी नाही सांगणार. तुम्ही रागावू नका."

मी रागावले नाही. मी त्यांच्या जागी असते तर हेच केलं असतं. माझ्या आईनं हेच करावं असं मला वाटतं. फोन ठेवताना त्यांनी विचारलं, "गाणी होती का त्यात? देवाची?" मी म्हटलं, हो.

काल अर्ज पाठवला, दाखला जोडून. 'मिळाला' असं आपोआप आलेलं उत्तर आहे, बाकी काही नाही.

---

पेठेतली_खेळणी | १५ जून, रात्री १०:००

त्या बाईंना माझा नमस्कार.

---

संगमेसरी | १५ जून, रात्री १०:४५

पहिल्यांदाच लिहितोय. ताई, ज्यांच्याकडून मास्तरांनी लिहून घेतलं त्यांपैकी कुणी आहेत का अजून?

---

खाडीपलीकडची | १६ जून, सकाळी ७:१५

दोघे आहेत. एक मृदंगवाले, ऐंशीच्या पुढचे. त्यांना दिसत कमी, पण पाठ आहे बरंच. वरच्या वाडीत राहतात. रविवारी मुलीला घेऊन गेले होते. त्यांनी पाच गौळणी सांगितल्या, मुलीनं लिहून घेतल्या. सहावीच्या मधे अडकले. म्हणाले, पुढची ओळ मास्तरांनी लिहिली होती ना, तेच बघा की.

पुन्हा जाणार आहोत. लावणीची कामं संपली की दुसऱ्यांकडेही.

---

संगमेसरी | १६ जून, सकाळी ७:४०

सहावी कुठली ते सांगा. आमच्याकडच्या खेळ्यांना विचारतो. चाल वेगळी असेल, पण ओळ मिळेल कदाचित.